आठ मात्रांची रिकामी जागा

बँडवाल्याला कोणी लिहायला सांगत नाही. लग्नात तो सगळ्यांच्या पुढे चालतो आणि अल्बममध्ये कुठेच नसतो. त्यामुळे या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा आधी मला खरं वाटेना, आणि खरं वाटल्यावर मी घासाघीस सुरू केली. ते म्हणाले, हजार शब्द द्या. मी म्हणालो, दोन हजार, नाही तर दुसरा बँड बघा. ते हसले आणि कबूल झाले. ही सवय जुनी आहे. गिरणीतल्या बदली कामगाराचा मुलगा मी, एका बँडात खुळखुळा वाजवत शिरलो आणि पुढे चाळीस वर्षं सोलापुरात स्वतःचा बँड चालवला, तो जिभेच्या जोरावर. जेवण किती वाजता मिळणार, उन्हात किती वेळ उभं करणार, नवरदेवाला दाढी करायला उशीर झाला तर तो वेळ कोणाचा, हे सगळं मी आधी बोलून घ्यायचो. लोक म्हणायचे, मास्तर फार भांडकुदळ आहे. असेन. पण माझी अकरा माणसं कधी उपाशी वाजवत राहिली नाहीत.

हल्ली कव्हर, रिमिक्स, अनप्लग्ड हे शब्द पोरं मोठ्या कौतुकाने बोलतात. मला हसू येतं. आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? नवं गाणं गाजायला लागलं की मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात जाऊन बसायचो, कारण तिथला टेप मोठा होता. चार चहा होईपर्यंत गाणं आठ-दहा वेळा कानावरून जायचं. मी वहीत सरगम उतरवायचो. गायकाची ओळ क्लॅरिनेटला, कोरस ट्रम्पेटला, व्हायोलिनचे तुकडे सॅक्सोफोनला आणि खालची गुंजन युफोनियमला, म्हणजे त्या पोटाशी धरायच्या मोठ्या पितळी वाद्याला. मग सगळं गाणं उचलून काळी दोनच्या पट्टीत आणायचं, कारण आमची वाद्यं तिथं खुशीत वाजतात. सिनेमात साठ जण वाजवतात, माझ्याकडे अकरा, आणि त्यातले चार नुसते ठोकणारे. साठांचं सात जणांत बसवायला डोकं लागतं. मला ते होतं. गाणं लिहिणाऱ्याचं नाव झालं, गाणाऱ्याचं झालं, बसवणाऱ्याचं झालं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहितोय, उगाच नम्रपणा नाही.

ओळखीचं गाणं वेगळ्या वेषात ऐकायला माणसाला का आवडतं, यावर मी बराच विचार केलाय. आपल्या गल्लीतला रोजचा माणूस एक दिवस नवा शर्ट घालून येतो. आपण त्याच्याकडे नीट बघतो, आणि तेव्हा पहिल्यांदा कळतं की याचे डोळे घारे आहेत. तसंच हे. बँडात तर शब्दच नसतात. शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतात. आम्ही चाल सुरू केली की म्हातारी बाईसुद्धा ओठ हलवायला लागते. ते हलणारे ओठ बघत वाजवण्यात जे सुख आहे ते मोठ्या स्टेजवर नसेल.

आता मी घरी असतो. पुढचे दात गेले की क्लॅरिनेट जाते. ओठाला आधार राहत नाही, नुसती हवा निघते. सुनेने फोनवर गाणी लावून द्यायला शिकवलंय, तर दुपारभर मी तेच ऐकतो. एक कॉलेजातली मुलगी खाटेवर बसून गिटारवर जुनी गाणी म्हणते. मागे पंखा फिरतो त्याचा आवाजही येतो. चांगली म्हणते. सूर कच्चा आहे, पण घाई करत नाही. रिमिक्सही ऐकतो. त्यात दहातली आठ नुसती धडधड असते, पण दोन पोरांना खरंच कान असतो. अशा पोरांवर माझा राग नाही. माझा राग एकाच पोरावर होता, आणि त्याची हकीकत अशी.

एका जुन्या सिनेमातली अंगाई आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की तुम्ही ती मनात मूळ आवाजात म्हणायला लागाल आणि माझं ऐकणार नाही. ती अंगाई मी मुलीच्या पाठवणीसाठी बसवली होती. सुरुवातीला ती आम्ही सरळ वाजवायचो. एकदा जेऊरला लग्न होतं. मुलगी गाडीत बसायला निघाली, आमची अंगाई जोरात चालू. मुलीची आई काहीतरी बोलायला बघत होती आणि ढोलापुढे तिचा आवाज पोचत नव्हता. तिने दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा पुढे आली आणि ढोलवाल्याच्या हातातली काठीच धरली.

“थांबा की ओ जरा. माझ्या लेकीला बोलू द्या की मला.”

आम्ही थांबलो. मला वाटलं, आता ही बाई सगळ्या गावाला रडवणार. ती मुलीला म्हणाली, “फ्रीजमदलं दही प्रवासात खाऊ नगं, आंबलंय.” मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. आईने काठी सोडली. आम्ही जिथे थांबलो होतो तिथून उचललं.

परतीच्या टेम्पोत माझ्या डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी मी बसवणी बदलली. दुसरी ओळ संपली की सगळा बँड एकदम गप्प. पूर्ण आठ मात्रा. कोणी काठी टेकवायची नाही, कोणी खोकायचं नाही. मग तिसरी ओळ नुसत्या क्लॅरिनेटवर, अगदी हळू. अकरा माणसं वाजवताना एका जागी आणणं सोपं आहे. अकरा माणसं एका जागी थांबवणं महाकठीण. सव्वा महिना लागला.

सोलापुरात ती जागा रूढ झाली. दुसऱ्या बँडांनी उचलली, आयांना माहीत झाली. बायका दोन दिवस आधी ठरवायला लागल्या की तेवढ्यात काय बोलायचं. श्रीपूरला कारखान्यातल्या एका क्लार्कच्या बायकोने त्या आठ मात्रांत मुलीला कुकरच्या शिट्ट्यांचा सगळा हिशोब सांगितला. एका मुलीने जागा आल्याबरोबर पळत घरात जाऊन फोनचा चार्जर आणला. मी सोळा मात्रा थांबलो. एका नवरदेवाने विचारलं, मास्तर, ही जागा थोडी लहान होईल का, आमच्या सासूबाई फार बोलतात. मी म्हणालो, जागा कमी होणार नाही, सासूबाईंचं तुमचं तुम्ही बघा. गाणं माझं नव्हतं, वाद्यं परदेशी, कोटाचं कापड इंग्रजी थाटाचं. थांबणं तेवढं माझं होतं, आणि मला त्याचा गर्व होता. अजून आहे.

गेल्या वर्षी शुक्रवार पेठेतून सकाळी भाजी घेऊन येत होतो. हळदीची मिरवणूक चालली होती, ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत. कानावर माझी अंगाई आली. वेग वाढवलेला, सूर वर चढवलेला, खाली ठोका, पण बसवणी माझी, क्लॅरिनेट बँडातली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. ठोका थांबला. मी रस्त्यात उभा राहून मात्रा मोजायला लागलो, आणि त्या जागेत एक जाडा आवाज बोलला, “व्यंक्स... ऑन द मिक्स!”

माझ्या जागेत त्याने स्वतःचं नाव घातलं होतं.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभा राहिलो. आधी नाचणारी पोरं मला काका बाजूला व्हा म्हणाली, मग ट्रॅक्टरवाला उतरला. माझा आवाज अजून शाबूत आहे, तो मी वापरला. शेवटी पोरांनीच त्या व्यंक्सचा पत्ता काढून दिला, मिरवणूक पुढे जावी म्हणून.

व्यंक्स म्हणजे व्यंकटेश, विणकरांच्या वस्तीत राहणारा सव्वीस वर्षांचा मुलगा. खाली त्यांचे यंत्रमाग, वर त्याची खोली. खोलीला तो स्टुडिओ म्हणतो. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना चादरी ठोकलेल्या, आपल्याच सोलापुरी, मोरांच्या नक्षीच्या. खाली माग खडखडत होते. त्याने आईला तेलुगूत काहीतरी सांगितलं, चहा आला. मी चहाला हात लावला नाही. म्हणालो, माझा बँड, माझी बसवणी, आणि त्यात तुझं नाव. एक तर ते काढ, नाही तर माझं घाल.

तो घाबरला नाही. म्हणाला, मास्तर, हे रेकॉर्डिंग मला एका लग्नाच्या व्हिडिओत मिळालं, कोणाचं ते तिथे लिहिलेलं नव्हतं. आणि मग त्याने नेमकं बोट ठेवलं.

“मूळ गाणं तरी तुमचं कुठंय, मास्तर? तुम्ही कुणाला विचारलं होतं?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “गाणं माझं नाही. थांबणं माझं आहे.”

“थांबायवर कुणाचा मालकी हक्क असतो होय?”

“असतो. तू आठ मात्रा गप्प बसून दाखव, मग बोलू.”

तो हसला. मग त्याने सांगितलं की नाव तो हौस म्हणून घालत नाही. नाव नाही घातलं तर दुसरे डीजे त्याचं काम जसंच्या तसं उचलतात आणि स्वतःचं म्हणून वाजवतात. हे ऐकून माझा राग अर्धा झाला, कारण हे माझंच रडगाणं होतं. पण घासाघिशीत समोरच्याला ते कळू द्यायचं नसतं. मी म्हणालो, ठीक, नाव पाहिजे तर सुरुवातीला घाल, त्याच जागेत का घातलंस?

“तिथं पूर्ण शांत नव्हतं. बारीक आवाज होता पाठीमागं. तो झाकाय म्हणून घातलं.”

मी म्हणालो, शक्यच नाही. माझा बँड त्या जागेत श्वास घेत नाही.

त्याने मला कानावर हेडफोन दिला आणि कॉम्प्युटरवर एकेक थर काढायला लागला. आधी ठोका गेला. मग खालचा धमधमाट गेला. मग त्याचं नाव गेलं. वेग त्याने मूळचा केला, सूर खाली उतरवला. उरला नुसता बँड, दूरवरून घेतलेला. दुसरी ओळ संपली, सगळे थांबले, आणि त्या शांततेत एक क्लॅरिनेट खालचा सा धरून होती. इतका हळू की वाऱ्याचा वाटावा. आठ मात्रा तो सूर हलला नाही.

मी समजून बसलो होतो की ही क्लॅरिनेट माझी. ती माझी नव्हती. गफूरची होती.

गफूर शेख माझा क्लॅरिनेटवाला, अठरा वर्षं सोबत. तेव्हा मी पुढे काठी धरून उभा राहायचो आणि वाजवायचा तो; क्लॅरिनेट मी हातात घेतली ती तो गेल्यावर. आणि तो सा त्याने आयुष्यात एकदाच धरला, बारा वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लग्नात. सगळा बँड थांबला आणि हा एकटा चालू राहिला. मला वाटलं, शायनिंग मारतोय, माझी जागा बिघडवतोय. गाणं संपल्याबरोबर मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो आणि म्हणालो, कोट काढ. त्याने लाल कोट काढला, नीट घडी केली, ढोलावर ठेवला आणि चालत निघून गेला. संध्याकाळी तिथल्या आचाऱ्याकडून कळलं की त्या मुलीला आई नव्हती. गफूर दुपारी आचाऱ्यांबरोबर जेवला होता, त्याला ते ठाऊक होतं. बोलणारं कोणी नसताना ती आठ मात्रांची शांतता त्या मुलीच्या अंगावर आली असती, म्हणून त्याने ती भरली. मी लग्नाच्या चौकशीत जेवणाची वेळ विचारली, सावली विचारली, हे विचारलं नाही.

मी त्याच्या घरी जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. मालक मी होतो.

व्यंकटेशला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, पुढे कोणीतरी म्हातारा फार घाण ओरडलाय, ते मी कापलं. मी म्हणालो, ऐकव. त्याने लग्नाचा मूळ व्हिडिओ लावला. गाणं संपलं आणि माझा आवाज आला. पूर्ण, शेवटपर्यंत. बारा वर्षांपूर्वीचा मी त्या चादरींच्या खोलीत ओरडत होतो आणि सव्वीस वर्षांचा पोरगा स्क्रीनकडे बघत होता.

“कोण हाय ओ हा?” त्याने विचारलं.

“मी आहे.”

गार झालेला चहा मी पिऊन टाकला.

मग खरी घासाघीस झाली. तास गेला. ठरलं ते असं: त्याचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, जागेत नाही. बदल्यात त्याला ठोक्याशिवायची, नुसत्या क्लॅरिनेटची अंगाई पाहिजे होती. लोक सारखे साधी आवृत्ती मागतात म्हणाला. मी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, माझ्याने होणार नाही, पण माणूस आहे. बोललो आणि लगेच वाटलं, हे काय कबूल करून बसलो. तो माणूस मला दारातही उभं करणार नव्हता.

गफूर शिलाई मशीन दुरुस्त करतो, घराच्याच पुढच्या खोलीत. मी गेलो तेव्हा एका मशीनच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर घालून बसला होता. वर बघितलं, पुन्हा मशीनकडे बघितलं.

“क्या मास्तर. रस्ता भूल्या क्या?”

त्याच्या बायकोने खुर्ची दिली. मला माफी मागता येत नाही, तो भाग माझ्यात नाहीच. मी सवयीप्रमाणे सौद्यानेच सुरुवात केली: एक रेकॉर्डिंग आहे, एक मुलगा आहे, एका दिवसाचं काम आहे. तो ऐकत राहिला आणि मशीनला तेल घालत राहिला. मग मी फोन काढला आणि व्यंकटेशकडून घेतलेला तो व्हिडिओ लावला. गाणं झालं. त्याचा सा झाला. इथे बंद करता आलं असतं. मी केला नाही. माझं ओरडणं त्याच्या खोलीत, त्याच्या बायकोसमोर, शेवटपर्यंत वाजलं.

ती आत निघून गेली. गफूरने हात पुसले.

“काटा नहीं तू?”

“नाही.”

त्याने तेलाचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, “एक सांगू का मास्तर? शिवी बी काळी दोनमधीच दिली तू.”

मी हसलो नाही, तोही हसला नाही, पण आतून त्याची बायको हसली.

त्याची एकच अट होती. जागेत काय करायचं ते तो ठरवणार. मी म्हणालो, जमणार नाही, जागा माझी आहे. तो म्हणाला, मग दुसरा क्लॅरिनेटवाला बघ. माझीच भाषा तो मला ऐकवत होता. अर्धा तास झाला. शेवटी ठरलं, दोनदा वाजवायचं: एकदा माझ्यासारखं, एकदा त्याच्यासारखं.

माग बंद असतात त्या दिवशी आम्ही व्यंकटेशच्या खोलीत गेलो. गफूर टोपी काढून, डोळे मिटून उभा राहिला. बारा वर्षं त्याने एकही लग्न वाजवलं नव्हतं, पण घरी रोज वाजवत होता, शेजाऱ्यांचं ऐकून घेत. पहिल्यांदा त्याने जागा कोरी सोडली, आठ मात्रा, चोख, जशी मी शिकवली होती. मी मनात शाबासकी दिली. दुसऱ्यांदा तो सा आला. ढोल नाही, गर्दी नाही, टेम्पोचा हॉर्न नाही. अठरा वर्षं ज्याच्यापुढे मी काठी हलवली त्या माणसाचा सूर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. खालच्या मजल्यावर व्यंकटेशची आई जिन्याशी येऊन उभी राहिली होती.

दोन्ही झालं. व्यंकटेशने कानावरून हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. नेटवर एकच टाकायचं होतं. गफूर क्लॅरिनेट पुसत होता, इकडे बघत नव्हता.

“मास्तर, कुठलं ठेवू?”

“दुसरं ठेव,” मी म्हणालो. “पण खाली लिहायचं. जागा मास्तरांची, सूर गफूरचा.”

“असं कोण लिहितं ओ?”

“तू लिहिणार.”

त्याने लिहिलंय. सगळ्यात वर त्याचं स्वतःचं नाव, मोठ्या अक्षरात. त्याच्याखाली आमची दोन, इतकी बारीक की मला चष्मा वर करून वाचावी लागतात. ते मला मंजूर नाही. दिवाळी झाली की त्याच्याकडे पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी गफूरलाही घेऊन. तो म्हणालाय, बोलायचं काम तू कर, मी नुसता शेजारी बसतो.